मधला बॉल

टेनिसच्या दुहेरीत प्रत्येक पॉइंटनंतर जोडीदाराच्या हाताला हात लावायचा असतो. पॉइंट जिंकला तरी, आणि गेला तरी. सर्व्हिस करणाऱ्याने दोन्ही बॉल जाळ्यात घालून समोरच्यांना पॉइंट फुकट दिला, तरी नेटजवळचा माणूस वळतो, चार पावलं चालत येतो आणि हात पुढे करतो. नियमांच्या पुस्तकात हे कुठेही लिहिलेलं नाही. पण एखाद्याने हात लावला नाही, तर शेवटच्या रांगेत शेंगा सोलत बसलेल्या माणसालाही कळतं, की या दोघांचं काहीतरी बिनसलंय.

श्रेणिक आरवाडे आणि झुबेर सतारमेकर यांनी चोवीस वर्षांत एकमेकांच्या हाताला किती वेळा हात लावला असेल, याचा अंदाज श्रेणिककडे होता. श्रेणिककडे बहुतेक गोष्टींचा अंदाज असायचा. सांगलीच्या हळदीच्या पेठेत वाढलेला माणूस. वडील मूठभर हळकुंडं हातात घोळवून अख्ख्या पोत्याची जात सांगायचे. श्रेणिक सामना संपल्यावर कोणी कोणाला किती वेळा सावरलं ते सांगायचा. सांगायचा म्हणजे मनातल्या मनात. तोंडाने तो नेहमी म्हणायचा, "जोडी आहे. तुझं-माझं काय त्यात."

मनातला हिशोब मात्र चोख होता. झुबेरच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा श्रेणिक चार महिने दुसऱ्या कोणाबरोबर खेळला नव्हता. ही नोंद सगळ्यात वर. त्याखाली मधले बॉल. दोघांच्या बरोबर मधून येणारा बॉल घ्यायचा कोणी, हा दुहेरीतला सगळ्यात जुना प्रश्न. मिरजेच्या क्लबातले त्यांचे गुरव सर दोघे चौदा वर्षांचे असतानाच सांगून मोकळे झाले होते: मधला बॉल फोरहँडवाल्याचा. श्रेणिक डावीकडे उभा राहायचा, मधला त्याच्या फोरहँडला यायचा, उजवीकडच्या झुबेरच्या बॅकहँडला. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही कोर्टावर बॉल मधून आला की श्रेणिक "माझा" म्हणून ओरडायचा आणि मारायचा. समोरच्या स्पॅनिश, जपानी, ऑस्ट्रेलियन जोड्यांना या शब्दाचा अर्थ कधी कळला नाही. श्रेणिकच्या हिशोबात त्याचा अर्थ असा होता, की अर्धं कोर्ट माझं आणि उरलेल्या अर्ध्यातलंही थोडं माझंच.

झुबेरच्या बाजूला काय जमा होतं? तो कधी उशिरा आला नाही. विमान चुकलं की विनोद बरे करायचा. आणि प्रवासाला निघताना त्याची अम्मी दोघांपुरता खिमा द्यायची, त्यातला श्रेणिकचा वाटाही तोच खायचा, कारण श्रेणिक शाकाहारी.

आता दोघेही अडतीसचे झाले होते. श्रेणिकचा गुडघा जिना उतरताना वाजायचा. झुबेरचा खांदा वाजत नव्हता, नुसता दुखायचा.

*

पुण्यातली स्पर्धा फेब्रुवारीत असते. एकेरीचे सामने मोठ्या कोर्टावर, दिव्यांखाली. दुहेरीचे तीन नंबरच्या कोर्टावर, जिथे एका बाजूला पार्किंग आणि दुसऱ्या बाजूला उसाच्या रसाचा स्टॉल. तरीही हल्ली तिथे माणसं बसायला लागली होती. त्याचं श्रेय 'सांधा'ला.

सांधा दिसायला काहीच नाही. कपाळाला घामासाठी बांधतात तशी एक पट्टी, पोटऱ्यांवर दोन चिकट चकत्या, आणि शर्टाच्या आत पाठीला लागून तळहाताएवढं पातळ कापड. माणूस उजवीकडे धावतो तेव्हा ते धावणं पायात सुरू होत नाही. पाय हलायच्या बऱ्याच आधी मेंदूत त्याची तयारी सुरू झालेली असते. मग पोटरीचे स्नायू ताठ होतात. मग पाय हलतो. बघणाऱ्याला दिसतो तो फक्त शेवटचा अंक. सांधा पहिल्या अंकापासून हजर असतो, आणि काय चाललंय ते जोडीदाराच्या पाठीवर टिचकी मारून कळवतो. मी डावीकडे निघालो तर तुझ्या पाठीवर डावीकडे टिचकी, उजवीकडे तर उजवीकडे, मागे सरकत असेन तर कमरेपाशी.

पहिले पंधरा दिवस माणूस टिचक्यांनी वैतागतो. दीड महिन्याने टिचकी जाणवेनाशी होते. आंधळ्याला हातातली काठी जाणवत नाही, काठीच्या टोकाशी असलेला रस्ता जाणवतो, त्यातलाच प्रकार. मेंदू मधल्या उपकरणाला विसरतो आणि पाठीला थेट जोडीदार कळायला लागतो. दोन माणसं एका माणसासारखी हलताना बघायला लोकांना आवडतं. बंद पडायला आलेली दुहेरी तगली.

त्याची किंमत म्हणजे कोर्टावरची बडबड संपली. नेटजवळच्या माणसाने पाठीमागे बोटं धरून खुणा करणं संपलं. तोंडासमोर बॉल धरून कुजबुजणं संपलं. श्रेणिकचं "माझा" सुद्धा तीन वर्षांपूर्वी बंद झालं. गरजच उरली नाही.

आणखी एक गोष्ट संपली. पूर्वी दुहेरीचे खेळाडू जोडीदार बदलायचे ते शर्ट बदलावा तसे. सोमवारी हरले की मंगळवारी नवा गडी. आता दोन मेंदू जुळायलाच दीड महिना जायचा, म्हणून जोडी वर्षभरासाठी नोंदवावी लागे. दोघांनी नोंदणीच्या टेबलापाशी समक्ष यायचं, नावं सांगायची, मग वर्षभर सुटका नाही, एकजण जायबंदी झाला तरच. खेळाडू त्याला लग्नच म्हणायचे. यंदाची मुदत पुण्याच्या स्पर्धेतल्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत होती.

आणि श्रेणिकने अरविंदनला जवळजवळ हो म्हटलं होतं. अरविंदन कोइम्बतूरचा, तेवीस वर्षांचा, सहा फूट पाच इंच. त्याची सर्व्हिस परत करण्यापेक्षा चुकवणं सोपं. त्याला अनुभवी जोडीदार हवा होता. श्रेणिकला आणखी दोन वर्षं हवी होती. झुबेरबरोबर एकसुद्धा मिळेल की नाही, शंका होती. हिशोब सरळ होता. झुबेरला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

*

"सर, नव्या आवृत्तीत आम्ही गाळणी काढलीय," अन्विता म्हणाली. अन्विता सांधा बनवणाऱ्या कंपनीची इंजिनियर. सामन्यांच्या आधी पट्ट्या जुळवून द्यायचं काम तिचं. शुक्रवारची सकाळ होती, उपउपांत्य सामना दुपारी.

"आधी गाळणी होती हेच आम्हाला माहीत नव्हतं," झुबेर म्हणाला.

"आधी काय व्हायचं, मेंदूत तयारी दिसली तरी सांधा थांबायचा. पोटरी ताठ होते का बघायचा. झाली, तरच टिचकी. कारण माणूस जितकं करतो त्यापेक्षा करायला निघून थांबतो ते खूप जास्त असतं, सर. ते सगळं आम्ही गाळून टाकत होतो. पण त्यात वेळ जायचा. आता थांबायचं नाही, तयारी दिसली की लगेच टिचकी. बाकीच्या जोड्यांनी कालच घेतली ही आवृत्ती."

"म्हणजे मी करणार होतो पण केलं नाही, तेही ह्याला कळणार," श्रेणिक म्हणाला.

"थोडा कचरा येईल सुरुवातीला. मेंदू शिकतो दुर्लक्ष करायला."

झुबेरने पट्टी बोटावर फिरवली. "कचरा नव्हे, ताई, ती तरफ. आमच्या चाचांच्या दुकानात सतारी बनतात. वरच्या तारा वाजवायच्या असतात, खाली तरफेच्या बारीक तारा असतात त्यांना कोणी हातही लावत नाही. वरची वाजली की त्या आपोआप घुमतात. गिऱ्हाईक वरच्या तारा बघून सतार घेतं. चाचा कान लावतात तो खालच्यांना."

"मग काय ऐकू येतं?" अन्विताने विचारलं.

"सतार फुटकी आहे का ते."

श्रेणिक बुटाची नाडी बांधत होता. ती आधीच बांधलेली होती.

*

दुपारच्या सामन्यात झुबेरच्या सर्व्हिसच्या दुसऱ्याच गेममध्ये गडबड सुरू झाली. पहिली सर्व्हिस जाळ्यात. दुसऱ्या सर्व्हिससाठी त्याने बॉल आपटला, वर फेकायला हात उचलला, आणि हात तसाच खाली आणला. पुन्हा आपटला. पुन्हा फेकला. बॉल जाळ्यात.

श्रेणिक नेटजवळून मागे आला, हात पुढे केला. "बिनधास्त मार. मी आहे पुढे."

झुबेरने हात लावला. पुढच्या पॉइंटला तेच. त्याच्या पुढच्याला सर्व्हिस आत पडली, पण इतकी हळू की समोरच्याने ती दोन पावलं पुढे येऊन ठोकली.

बाजू बदलताना दोघे खुर्च्यांवर बसले. झुबेरने टॉवेल डोक्यावर घेतला आणि टॉवेलच्या आतून विचारलं, "मागं का सरकतोयस?"

"कोण मागं सरकतंय?"

"माझ्या सेकंड सर्व्हिसला. प्रत्येक वेळी. मी बॉल फेकला की कमरेत टिचकी."

"मी जागेवरून हललेलो नाही. विचार अंपायरला."

"हललेला नाहीस ते दिसतंय मला. निघाला होतास."

श्रेणिकने बाटली तोंडाला लावली. तीत पाणी नव्हतं. खरं तर त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. खांद्याच्या ऑपरेशननंतर झुबेरची दुसरी सर्व्हिस मऊ झाली होती. मऊ सर्व्हिस म्हणजे समोरून जोरात बॉल, आणि तो नेटजवळच्या माणसाच्या बरगडीत. दोन वर्षं त्याचं डोकं त्या बरगडीची काळजी घेत होतं, आणि दोन वर्षं त्याचे पाय सभ्यपणे जागेवर उभे होते. आजपर्यंत फक्त पायच दिसत होते.

"कचरा असेल," तो म्हणाला. "ती म्हणाली ना."

"असेल," झुबेर म्हणाला, आणि टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवला.

सामना त्यांनी जिंकला. समोरच्या जोडीत एकाला पेटके आले म्हणून. हात मात्र प्रत्येक पॉइंटनंतर लागले. तळहात लागायचा त्याऐवजी बोटं लागली, इतकाच फरक.

*

"सांगितलंस का त्याला?" स्वरूपाने फोनवर विचारलं. श्रेणिकची बायको सांगलीत विश्रामबागेत दातांचा दवाखाना चालवायची. संध्याकाळचे पेशंट संपवून ती नुकतीच बसली होती. तिचा आवाज दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून पाहणाऱ्या माणसाचा होता.

"उद्या सेमीफायनल आहे. झाल्यावर सांगतो."

"सहापर्यंत मुदत आहे म्हणालास ना? म्हणजे हरलास तर वेळेत सांगशील आणि सामना लांबला तर नोंदवून मग सांगशील. सोय आहे."

"तसं नाही."

"मी रोज लोकांना सांगते, थोडं दुखेल. मग त्यांना दुखतं. पण ते पुन्हा माझ्याकडेच येतात, कारण मी आधी सांगते." पलीकडे कपबशीचा आवाज झाला. "झुबेरभाईंना काय वाटेल याची काळजी नाही तुला. तू वाईट ठरशील याची आहे. तुझ्या हिशोबात तुझी बाजू कायम भरलेली लागते."

"चार महिने थांबलो होतो मी त्याच्यासाठी."

"माहितेय. तेव्हापासून दर दिवाळीला ऐकतेय." "परवा एक नवं जोडपं आलं होतं. तो सांधा म्हणे घरात वापरायचाही काढणार आहेत. नवरा-बायकोसाठी."

"घ्यायचा का आपण?"

"कशाला? तू फोन ठेवायला निघालायस, हे मला विनापट्टी कळतंय."

श्रेणिकचा अंगठा लाल बटणावरच होता.

*

शनिवारी दुपारी तीनला सेमीफायनल. समोर दोन चेक भाऊ, तरुण, टवटवीत, एकमेकांकडे न बघणारे. रसवाल्याचा चरक फिरत होता आणि त्याची घुंगरं पॉइंटच्या मध्ये ऐकू येत होती.

पहिल्या सेटमध्ये चार-चार. लांबलचक रॅली चालली होती. चौघेही नेटजवळ. थोरल्या भावाने बॉल मारला तो बरोबर मधून. श्रेणिकची रॅकेट फोरहँडसाठी मागे गेली, आणि त्याच क्षणी पाठीवर डावीकडे टिचकी. झुबेर मध्ये येतोय. झुबेर घेतोय. श्रेणिकने रॅकेट आवरली.

बॉल दोघांच्या मधून गेला. रस्त्यावरून अनोळखी माणूस जावा तसा गेला, आणि मागच्या रेषेवर पडला.

प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. शिकाऊ पोरं करतात ती चूक. चोवीस वर्षं एकत्र खेळलेल्यांनी केली की तिला हसूच येतं.

"तुझा होता," झुबेर म्हणाला.

"तू निघाला होतास. टिचकी आली मला."

"मी नेहमीच निघतो," झुबेर म्हणाला. वैतागून नव्हे, घराचा पत्ता सांगावा इतक्या सरळपणे. "मग तू घेतोस, म्हणून थांबतो."

त्याने हात पुढे केला. श्रेणिकला तो लावायला उशीर झाला. अंपायरने घड्याळाकडे पाहिलं.

पुढे बॉल मधून येतच राहिले. भावांनी हेरलं होतं. आणि प्रत्येक वेळी, एकही न चुकता, श्रेणिकच्या पाठीवर डावीकडे टिचकी येत होती आणि विझत होती. जुन्या आवृत्तीत हे कधी आलं नव्हतं, कारण झुबेरची पोटरी कधी ताठच झाली नव्हती. तो त्याआधीच थांबत होता. गाळणीने तीन वर्षं हेच गाळलं होतं. आणि गाळणीच्या आधीची एकवीस वर्षं?

श्रेणिकला चौदा वर्षांचा झुबेर आठवला. मिरजेच्या क्लबची लाल माती, गुरव सरांची शिट्टी, आणि उजवीकडे उभा असलेला एक बारका मुलगा, ज्याच्या बॅकहँडला सर एकदा "व्वा" म्हणाले होते. श्रेणिकला सर फोरहँडसाठी तसं कधी म्हणाले नव्हते. हे तो विसरला नव्हता. नोंदवलं मात्र नव्हतं.

पहिला सेट गेला. दुसऱ्यात श्रेणिक पुन्हा ओरडायला लागला. तीन वर्षांनी. "माझा." टिचकी यायची, तो ओरडायचा, टिचकी विझायची, तो मारायचा. भाऊ गोंधळले. अन्विता बाकावरून उठून उभी राहिली. असं कोणी वापरत नव्हतं तिचं यंत्र. दुसरा सेट त्यांनी घेतला. पण प्रत्येक "माझा"नंतर श्रेणिकला पाठीवर ते विझणं कळत होतं. कोणीतरी खुर्चीवरून अर्धवट उठतं, आपल्याला बघतं आणि पुन्हा बसतं, तसं. आयुष्यभर त्याने हे बॉल स्वतःच्या बाजूला जमा धरले होते. ते त्याने घेतलेले नव्हते. त्याला दिलेले होते.

दुहेरीत तिसरा सेट नसतो. दहा पॉइंटांचा टायब्रेक असतो, त्यात सगळं संपतं. आठ-आठ. मग झुबेरची सर्व्हिस. पहिली बाहेर. दुसरीसाठी त्याने बॉल फेकला. नेटजवळ श्रेणिकला स्वतःच्या आत काहीतरी मागे सरकताना पहिल्यांदाच कळलं. त्याने ते रोखायचा प्रयत्न केला, पण शिंक रोखावी तसा, उशिरा. सर्व्हिस कशीबशी आत गेली, परतीचा बॉल झुबेरच्या बुटाशी आला. आठ-नऊ.

पुढच्या पॉइंटला बॉल मधून आला. मऊ, उंच, दोघांनाही सहज घेता येईल असा. टिचकी आली.

श्रेणिक गप्प राहिला.

झुबेर निघाला होता. सवयीने थांबला. आरोळी आली नाही म्हणून पुन्हा निघाला. तोवर बॉल खाली आला होता. तो रॅकेटच्या कडेला लागला, जाळीच्या वरच्या पट्टीवर आपटला आणि आपल्याच बाजूला पडला.

भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. श्रेणिक चार पावलं चालत गेला आणि हात पुढे केला. झुबेरने पूर्ण तळहात लावला.

*

मालिशच्या खोलीत झुबेर खांद्याला बर्फाची पिशवी बांधून टेबलावर बसला होता. श्रेणिक समोरच्या बाकावर, गुडघ्यावर बर्फ घेऊन. दोघांच्या पट्ट्या कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये पडल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच होत होते.

"ओरडला का नाहीस?" झुबेरने विचारलं.

"तुझा होता."

"चोवीस वर्षांत आजचाच मुहूर्त सापडला? आठ-नऊला?"

श्रेणिक हसला नाही. "कधी बोलला नाहीस."

"काय बोलायचं? सरांनी सांगितलं होतं, मधला फोरहँडवाल्याचा. माझा बॅकहँड तुझ्या फोरहँडपेक्षा बरा होता हे सरांनाही दिसत होतं, पण तू डावीकडून हटायला तयार नव्हतास. रडला होतास, आठवतंय? आणि मधला बॉल मारलास की दिवसभर खूश असायचास. येताना एसटीत खिडकी मला द्यायचास." त्याने पिशवी सरळ केली. "मला खिडकी आवडायची."

बाहेर मोठ्या कोर्टावर एकेरीचा सामना सुरू होत होता. भोंग्यातून नावं पुकारत होते, टाळ्या पडत होत्या.

"झुब्या, मी अरविंदनशी बोललोय," श्रेणिक म्हणाला. "पुढच्या वर्षासाठी. नोंदवलं नाही अजून. सांगणार होतो."

"माहितेय."

"कोणी सांगितलं?"

"त्यानेच. चांगलं पोरगं आहे, पोटात काही राहत नाही त्याच्या." झुबेरने मान दुसरीकडे वळवली, खांदा ताणला गेला म्हणून तोंड वाकडं झालं. "त्याने आधी मला विचारलं होतं. दिवाळीच्या सुमारास. म्हणाला, सर्व्हिस मी बघतो, मला मधले बॉल घेणारा बॅकहँड हवाय."

श्रेणिकच्या गुडघ्यावरचा बर्फ वितळून मोज्यात उतरत होता. तो पुसायचं त्याला सुचलं नाही. त्याच्या मनातल्या हिशोबाची एकेक रक्कम बाजू बदलत होती. तो बघत बसला होता, बेरीज करावी असं वाटत नव्हतं.

"मग?" त्याने विचारलं.

"निघालो होतो," झुबेर म्हणाला. "थांबलो."

घड्याळाचा काटा पुढे सरकला. कॉरिडॉरमधून कोणीतरी टॉवेलांची गाडी ढकलत गेलं. श्रेणिकने फोन काढला, अरविंदनला दोन ओळी लिहिल्या, आणि त्या परत न वाचता पाठवल्या. मग बर्फ बाजूला ठेवून उठला. गुडघा वाजला.

"चल."

"कुठं?"

"टेबल सहाला बंद होतं."

झुबेर उठला नाही. "आणखी एक वर्ष? श्रेण्या, त्या पट्टीला आता गाळणी नाही. माझ्या प्रत्येक सेकंड सर्व्हिसला मला कळणार, तू मागं सरकतोयस. दर वेळी, पाठीत. रोज ते ऐकून खेळायचं?"

"सरकणार मी," श्रेणिक म्हणाला. "ते माझ्या हातात नाही. आज रोखून बघितलं, जमलं नाही. पण पाय हलणार नाहीत. टिचकी आली की समज, निघाला आणि थांबला."

झुबेर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. गिऱ्हाईक सतारीकडे बघतं तसा नव्हे, चाचा बघतात तसा. मग त्याने चांगला हात पुढे केला. श्रेणिकला वाटलं, लावायला. पण तो टेबलावरून खाली उतरायला आधार म्हणून होता. श्रेणिकने धरला.

लिफ्ट दुरुस्तीला होती. दोघे जिन्याने उतरले. श्रेणिक एकेक पायरी, कठडा धरून. झुबेर एक पायरी मागे, दुखरा हात पोटाशी घेऊन. नोंदणीच्या टेबलापाशी चष्मा लावलेल्या बाई आवराआवर करत होत्या. त्यांनी दोघांना पाहून पुन्हा स्क्रीन सुरू केली.

"या. मला वाटलं तुमची जोडी यंदा नाही." त्यांनी नावं टाकली, न विचारता, पाठ असल्यासारखी. "उजवी बाजू सतारमेकर, डावी आरवाडे. तेच ना?"

"तेच."

"आणि नव्या आवृत्तीत एक रकाना वाढवलाय. दोघांनाही एकदम टिचकी गेली तर सांध्याने कोणाला थांबवायचं ते आधी ठरवून द्यावं लागतं." त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. "मधला बॉल कोणाचा टाकू?"

श्रेणिकचं तोंड उघडलं. चोवीस वर्षांचा शब्द जिभेवर येऊन उभा होता. त्याने तोंड मिटलं.

झुबेरने श्रेणिककडे पाहिलं.

बाई एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिल्या. प्रश्न दोघांच्या मधून निघून चालला होता, आणि मागच्या भिंतीवरच्या घड्याळात सहाला दोन मिनिटं कमी होती. श्रेणिकच्या पाठीवर आता पट्टी नव्हती, कापड नव्हतं, नुसता ओला शर्ट होता. तरी त्याला कळलं, की शेजारी कोणीतरी निघालंय. तो वाट बघत उभा राहिला.

"माझा," झुबेर म्हणाला. मग टेबलाकडे एक पाऊल पुढे येऊन त्याने पुन्हा सांगितलं, "माझा टाका."